डब्यातली सबीना

मंगळवार, १४ एप्रिल २०२०

आणि डबा अजून आलेला नाही! शनिवारी दिला, आज मंगळवार उजाडला. खालच्या माणसाला मसालेभात दिला तो काय डबा ठेवून घ्यायला? एकटा राहतो, या रोगाच्या दिवसांत पडलाबिडला तर कोण बघणार, म्हणून दिला. तो तर बागेत ठणठणीत फिरतोय. मी गॅलरीतून बघते. मला बघितलं की आत जातो. चोरासारखा!

डबा साधा नाही. कराडहून बॅगेत घालून आणलाय. जाड पत्रा, घट्ट झाकण, वर माझं नाव कोरलेलं. मेधाला म्हटलं, जाऊन मागून आण. तर सूनबाई म्हणतात, "आई, एका डब्यासाठी? आपल्याकडे प्लॅस्टिकचे कितीतरी आहेत." असतील. माझे नाहीत ते.

मल्हारला सांगायची सोय नाही. पोरगा सकाळपासून कानाला यंत्र लावून लॅपटॉपशी बोलत असतो. मी समोर गेले की हात वर करतो, ट्रॅफिकच्या पोलिसासारखा. फेब्रुवारीत इकडे हॉलंडला आले, पाडव्याला परत जायचं म्हणून. आता विमानं बंद. रोज विचारते, विमान कधी? रोज म्हणतो, बघतोय. मला माझ्या घरी जायचंय. एवढंच मागणं आहे.

ही वही त्यानेच दिली, डच शब्द लिहून पाठ करायला. चार लिहिले. पुढे हे.

बुधवार, १५ एप्रिल

डबा आला! दारातल्या पायपुसण्यावर ठेवला, बेल वाजवली आणि पळाला. उघडून बघते तर आत कच्ची मॅकरोनी. गच्च भरलेली. हे काय, म्हणून गॅलरीत जाऊन हाक मारली. तर मान वर करून म्हणतो, "रिकामा कसा परत करणार, वहिनी? आईची शिकवण आहे. दुकानात काही मिळेना, घरात हेच होतं."

म्हणजे इतके दिवस हा माणूस डब्यात काय घालायचं याचाच विचार करत होता! मी हसले. इथे आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यांदा हसले असेन. मेधा बाहेर येऊन बघून गेली.

नाव अरुण. पुण्याचा. शिकायला डेल्फ्टला आला तो इथलाच झाला. कालव्यांच्या ऑफिसात होता, आता निवृत्त. लग्न केलंच नाही. हे सगळं मी वरूनच ओरडून विचारलं. मेधा आतून खुणा करत होती, हळू बोला, हळू बोला. फोरबर्ग गाव इतकं गप्प आहे की माझ्या आवाजाने कालव्यातली बदकं उडतात.

रविवार, १९ एप्रिल

आता सोय केलीय. पिशवीला दोरी. डबा पिशवीत, पिशवी खाली. दीड मीटरचा नियम पाळला, सरकार खूश. आज थालीपीठं सोडली.

नात अपूर्वा त्याला बुरमन म्हणते. मी इतके दिवस ते आडनाव समजत होते. म्हटलं, पुण्याचा आणि बर्मन कसा? आज त्यालाच विचारलं. हसून हसून खाली बसला. बुरमन म्हणजे शेजारी! पोरगी मराठी सगळं समजते, पण तोंडातून डचच काढते. मी काय करणार.

मग म्हणाला, नाणी जमवतो. रोमन लोकांची, जुनी. त्यातही फक्त राण्यांची. म्हटलं, राजांची का नाही? म्हणाला, राजांची सगळेच जमवतात. एक राणी खऱ्या सोन्याची आहे म्हणाला, बाकीच्या चांदीच्या. "दाखवा की कधीतरी," म्हटलं. आपण म्हणायचं म्हणून म्हणतो तसं.

जाताना म्हणाला, "साहेबांना नमस्कार सांगा." मल्हारला सांगितला. त्याने हात वर केला.

सोमवार, २० एप्रिल

दोरीवरून पिशवी वर आली. डब्यात तीन सफरचंदं आणि एक कांदा. कांदा का, ते विचारलं नाही.

रविवार, २६ एप्रिल. अक्षय्य तृतीया

आज काय लिहू!

सकाळी पुरणपोळ्या केल्या, डबा खाली सोडला. दुपारी वर आला. हलका लागला. उघडला तर मऊ कागदाची पुडी, पुडीत काचेसारखी गोल डबी, आणि डबीत सोनं! लहानसंच, रुपयाएवढं पण नाही. वर बाईचा मुखडा. अंबाड्याच्या वर मुकुटासारखं काहीतरी, नाक सरळ, गळ्यापाशी वस्त्राच्या चुण्या. अक्षय्य तृतीयेच्या दिवशी डब्यातून लक्ष्मी!

सराफ देतात तसलं लक्ष्मीचं नाणं असणार. एवढं कुणी देतं का शेजाऱ्याला? परत तर करायचंच. पण घरात आलेल्या लक्ष्मीला तशीच कशी पाठवणार? डबीतून काढली, ताम्हनात ठेवली, हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, पुरणाचा नैवेद्य दाखवला. अपूर्वा हात जोडून उभी राहिली. कुंकू मी इतरांना लावत नाही आता, पण देवीला मी लावायला कुणाची हरकत नसावी.

मेधाला दाखवलं नाही. उगाच चौकशा.

सोमवार, २७ एप्रिल

यांच्या राजाचा वाढदिवस. लोक नारिंगी कपडे घालून आपापल्या घरातच बसलेत. अपूर्वाच्या गालांना नारिंगी रंग.

खालून आवाज आला. "वहिनी, पाहिलीत का?"

म्हटलं, "पाहिली. पूजा पण केली."

"पूजा?"

"हळदकुंकू वाहिलं. मग रिठ्याच्या पाण्यात ब्रशने घासून लख्ख केली. कानाकोपऱ्यात माती बसली होती हो! तुमच्याकडे कुणी पुसत नाही वाटतं."

तो खुर्चीवर बसला. मग हळूच म्हणाला, पिशवीतून खाली सोडा. सोडली. भिंग आणून बघत बसला. किती वेळ बघत होता! मी वर उभी. काहीतरी चुकलं हे कळलं, काय ते कळेना.

शेवटी म्हणाला, "ही लक्ष्मी नाही, वहिनी. ही सबीना. रोमच्या बादशहाची बायको. तुम्ही दाखवा म्हणाला होतात म्हणून पाठवली. तिच्या केसांत एकोणीसशे वर्षांची माती होती. तांबूस. मला ती फार आवडायची. जुन्या नाण्याला धुवायचं नसतं."

माझे कान गरम झाले. पण मी काय गप्प बसणारी? म्हटलं, "एकोणीसशे वर्षांत कुणी तिला न्हाऊ घातलं नाही, ते बरं केलं का?"

 तो इतका हसला की भिंग खाली ठेवावं लागलं. म्हणाला, आजवर ज्याने धरली त्याने हातमोजे घालून धरली. तुम्ही पहिल्याच.

मंगळवार, २८ एप्रिल

मेधाला कळलं. अपूर्वाने तिच्या डचमध्ये सांगून टाकलं, लक्ष्मी मळलेली होती म्हणे. मेधा कपाळाला हात लावून बसली. "आई, ते म्युझियममध्ये ठेवतात!" म्हटलं, म्युझियमवाल्यांनी माझ्या डब्यातून पाठवायचं नव्हतं.

तरी मनाला लागलंय. आज आळूवड्या पाठवल्या. आळू कुठून आणला विचारू नका. शेजारच्या डेन हाग शहरात जाऊन मल्हारने आणला, आणि आणताना माझं तोंड बघत होता.

रविवार, ३ मे

आज बागेच्या टोकाला खुर्च्या टाकून बसलो, मधे दीड मीटर. सबीना दोघांच्या मधे तिपाईवर. तो म्हणाला, आता हात लावा, आता काही उरलं नाही बिघडायचं.

नाण्याच्या कडेने अक्षरं आहेत. वाचा म्हटलं. त्याने वाचलं, "सबीना ऑगस्टा, हेड्रियनची."

"हेड्रियनची म्हणजे?"

"नवऱ्याचं नाव. त्याची ती."

"आणि ऑगस्टा म्हणजे?"

"मानाचं. राणीला लावायचं."

"म्हणजे सौ.!"

तो म्हणाला, तसंच समजा.

आणि मला एकदम माझ्या डब्याचं झाकण आठवलं. भिशीच्या पैशातून घेतला मी. भांडीवाला म्हणाला, नाव काय घालू? म्हटलं, मंजूषा. तर दिलीप मागून म्हणाले, "नुसतं मंजूषा नको. सौ. मंजूषा दिलीप घाल. हरवला तर कुणाचा ते कळायला नको?" भांडीवाल्याने टकटक टकटक करून कोरलं. म्हणजे हिच्या डोक्याभोवती पण कुणीतरी टकटक करून तेच कोरलंय. हरवली तर कुणाची ते कळावं.

मागच्या बाजूला आणखी एक बाई. म्हणे एकोप्याची देवी. नवराबायकोचा एकोपा. विचारलं, होता का यांचा एकोपा? म्हणाला, अजिबात नव्हता, दोघांचं पटायचं नाही असं लिहून ठेवलंय. मी म्हटलं, आमच्या लग्नाच्या फोटोत पण आहे एकोपा. फोटोवाला दटावून हसवत होता.

एक चांदीची पण दाखवली, सबीनाचीच. मेल्यानंतरची. त्यावर लिहिलंय 'दिवा'. म्हटलं, बरोबर आहे, मेल्यावर दिवाच लावतात. तर म्हणे, दिवा म्हणजे देवी झालेली. म्हटलं, म्हणजे कै. म्हणाला, "वहिनी, तुम्ही रोमन साम्राज्य फार सोपं करून टाकता."

शनिवार, १६ मे

पार्कात चालून आलो. दीड मीटर. मी पुढे, तो मागे, कारण तो सावकाश चालतो आणि मला ते जमत नाही. सारखं थांबून बघावं लागतं.

इथल्या गवताखाली म्हणे रोमन लोकांचं गाव होतं. त्या हेड्रियनच्या नावाचं. म्हटलं, आणि सबीनाच्या नावाचं काय? म्हणाला, "काही नाही. तिचं एवढंच. खिशात मावेल इतकं." आणि खरंच खिशातून काढली! फिरायला आणली होती तिला. माझ्या हातावर ठेवली. गरम लागली, त्याच्या खिशातली.

परत आले तर मल्हार दारात. "आई, रोज खाली काय असतं तुझं? लोक काय म्हणतील?" म्हटलं, कोण लोक? रस्त्यावर चिटपाखरू नाही.

सोमवार, २५ मे

मल्हार धावत आला. परतीची विमानं सुटणार आहेत, नाव नोंदवलंय. मी म्हटलं, बरं. तो म्हणाला, "बरं काय? रोज डोकं खात होतीस ना?" खात होते.

आज पोळ्या करपल्या.

शुक्रवार, ५ जून. वटपौर्णिमा

मेधाने वडाच्या चित्राची पूजा केली, आठवण म्हणून फोटो काढला, ग्रुपवर टाकला. मी स्वयंपाकघरात होते. ही पूजा माझी नाही आता. त्याचं काही दुःख नाही. दिलीप होते तेव्हा पण फेरे मारताना माझ्या मनात कुकरच्या शिट्ट्या चालायच्या.

पण खालून डबा आला त्याने मात्र डोकं फिरलं. आंबा, केळी, खजूर आणि चिठ्ठी. "उपास असेल. साहेबांना दीर्घायुष्य लाभो."

मला? आज? हे कसलं बोलणं! अख्खं गाव जमवून तोंडावर मारल्यासारखं. फळं डब्यातच ठेवली. झाकण लावलं. दोरीने खाली सोडलं ते जरा आपटलंच.

शनिवार, ६ जून

सकाळीच खाली उभा. चेहरा पडलेला. "वहिनी, काही चुकलं का?"

म्हटलं, "कुठल्या साहेबांना दीर्घायुष्य? माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली."

माणूस असा बघतोय जसं मीच मेलेय. म्हणाला, "पण डब्यावर सौ. आहे."

सौ.! डब्यावर! मी नमस्कार मल्हारला सांगत होते आणि हा कराडला पाठवत होता! दर वेळी त्याने झाकण वाचलं असणार आणि वहिनी म्हणाला असणार. मी म्हटलं, "माणूस गेला म्हणून डबा फेकून देतात का? चांगला डबा आहे."

तो म्हणाला, "नाही, नाही. डबा चांगलाच आहे." मग "व..." म्हणून थांबला. वहिनी म्हणता येईना, दुसरं काही सुचेना. आत गेला.

मला हसू येत होतं. वर येऊन हसायला बसले तर आलं नाही.

मंगळवार, ९ जून

उसळ पाठवली होती. डबा परत आला. धुतलेला, पुसलेला. रिकामा!

बुधवार, १० जून

परत रिकामा.

शुक्रवार, १२ जून

तिकीट आलं. पुढच्या शुक्रवारी, एकोणीस तारखेला. मल्हारने प्रिंट काढून फ्रिजवर लावलं. मेधा बॅगा काढून ठेवतेय. चांगली आहे मुलगी, माझ्यासाठी चीज घेतलंय, कराडात कोण खाणार देव जाणे. अपूर्वा माझ्या मागे मागे फिरतेय आणि चक्क मराठीत म्हणाली, "आजी, नको जाऊ." उच्चार जरा परदेशी होता, पण म्हणाली!

कराडला माझं घर आहे, माझी भिशी आहे. शेजारी मीनल आहे, सगळ्या गावाची खबर देते. सगळं आहे. मग बॅग भरायला का घेत नाहीये मी?

रविवार, १४ जून

आज राहवलं नाही. सरळ खाली उतरले. दोरी नाही, पिशवी नाही. दारातच विचारलं, "डबा रिकामा का येतोय? आईची शिकवण कुठे गेली?"

तो दाराची कडी चाचपत उभा राहिला. मग म्हणाला, "आधी सोपं होतं हो. तुम्ही दुसऱ्या कुणाच्या होतात. कांदा ठेवला काय, सोनं ठेवलं काय, नुसती शेजारधर्माची देवाणघेवाण. आता काहीही ठेवलं तरी त्याचा अर्थ निघतो. सफरचंदाचा पण निघतो. मी डबा उघडून बसतो आणि काही घालायची हिंमत होत नाही."

मी म्हटलं, "मग तीच हिंमत करायची असते." आणि वर आले. उत्तर ऐकायला थांबले नाही. दोन दोन पायऱ्या एकदम चढून. या वयात!

रात्रभर नाही, पण बराच वेळ जागी होते. विचार एकच. मी कुणाची ते त्याला झाकणावर वाचायला मिळालं म्हणून त्याला माझी भीती वाटली नाही. आणि कुणाचीच नाही म्हटल्यावर वाटायला लागली. सबीनाला विचारलं पाहिजे.

तिचं तर कुणाला खोडता येणार नाही. सोन्यात आहे. माझा पत्रा आहे.

सोमवार, १५ जून

मल्हारचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि झाकण खरवडलं. सौ. गेलं. दिलीप पुसट झाले, पूर्ण गेले नाहीत. राहू देत तेवढे, होतेच ते. मधे मंजूषा राहिलं, चकचकीत.

डब्यात गव्हाची खीर, वर चिठ्ठी. दोरीने खाली सोडला, आपटला नाही. चिठ्ठीत लिहिलंय ते इथे पण लिहून ठेवते, नंतर मी असं म्हणालेच नाही असं मलाच वाटायला नको.

"अरुणराव, झाकण वाचा. आता एवढंच आहे आणि एवढंच राहणार. मी विमान चुकवणार नाही. तुम्ही कराडला यायचं की मी इथे परत यायचं, ते नंतर बघू. आधी माझ्याशी लग्न करायचं की नाही ते सांगा. गुरुवारी संध्याकाळपर्यंत. नाही म्हणायचं असलं तरी चालेल, पण डबा रिकामा पाठवू नका."